चौथी सीट

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर सुलभाताईंचं दोन खोल्यांचं घर आहे. घरात लोखंडी कपाट एकच, त्यांच्या लग्नातलं. कप्पे चार. वरच्यात कागदपत्रं आणि मोजके दागिने. दुसरा अण्णांचा. तिसऱ्यात सुलभाताईंच्या साड्या. खालचा चौथा नितीनचा. नितीन नोकरीसाठी मनिलाला गेला त्याला सात वर्षं झाली, तरी तो कप्पा त्याचाच राहिला. त्यात त्याची प्रगतिपुस्तकं होती, गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत मिळालेला पेला होता, कॉलेजातल्या तीन जीन्स होत्या. त्या आता त्याच्या गुडघ्यावरसुद्धा चढल्या नसत्या. दर दिवाळीला सुलभाताई तो कप्पा रिकामा करायच्या, खालचा कागद बदलायच्या, डांबराच्या गोळ्या टाकायच्या आणि सगळं होतं तसं परत लावायच्या.

२०१९ च्या जुलैत नितीन आला तो बायकोला घेऊन.

मारिसेल फिलिपाइन्समधल्या सेबूची. दारातच तिनं चपला काढल्या, पुढं झाली, वाकली आणि सुलभाताईंचा उजवा हात उचलून आपल्या कपाळाकडं नेऊ लागली. तिच्याकडं मोठ्यांना असाच नमस्कार करतात. सुलभाताईंना वाटलं, ही हाताचा मुका घेते की काय! त्यांनी हात झटकन मागं घेतला. "असू दे, असू दे," म्हणत त्या पाणी आणायला आत गेल्या. मारिसेलचे दोन्ही हात क्षणभर तसेच हवेत राहिले. मग तिनं ते जोडले आणि हसली.

तिची निळी बॅग दिवाणाखाली सरकली. सेबूची प्रसिद्ध सुकवलेल्या आंब्यांची सहा पाकिटं तिनं सासूच्या हातात ठेवली. सुलभाताईंनी ती फ्रिजवर ठेवून दिली, कोणी देण्याघेण्यासारखं आलं तर उपयोगी पडतील म्हणून.

अण्णा कल्याणच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला फॉर्म भरायचा कंटाळा नसतो. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत फॉर्म सी भरून कळवावं लागतं, मग ते हॉटेल असो की सासर, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. रात्री चष्मा लावून ते एकेक रकाना मोठ्यानं वाचायला लागले.

"किती दिवस मुक्काम?"

"लिहा तीन महिने," सुलभाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पाहुणी आहे म्हणावं."

"इथून पुढं कुठं जाणार?"

"आपल्या घरी जाईल. आणखी कुठं?"

अण्णांनी पेन थांबवून आत पाहिलं. मग लिहिलं: मनिला.

*

नितीन ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लागला होता. कंपनीनं त्याला मनिलाच्या ऑफिसात पाठवलं. ग्राहक अमेरिकेतले, त्यामुळं काम सगळं रात्रीचं. मारिसेल शेजारच्या टेबलावर असायची. मनिलाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. नितीन पहाटे डबा उघडायचा तेव्हा डोंबिवलीत आई नुकतीच झोपलेली असायची. त्या अवेळी जेवायला सोबत कोण, याचं उत्तर हळूहळू एकच होत गेलं.

तिच्या आजीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "बुंबाय!" तिकडं भारतीय माणसाला हाच शब्द, बॉम्बेवरून आलेला. सेबूत तर कांद्यालाही सिबुयास बॉम्बे म्हणतात. नितीनला आधी राग आला, मग हसू. आपल्या गावाचं नाव इतक्या लांबच्या स्वयंपाकघरात रोज चिरलं जातं, हे त्याला आवडूनही गेलं.

लग्न सेबूत झालं. परदेशी माणसाला तिथं लग्न करायचं तर तो लग्नाला मोकळा आहे असा दाखला त्याच्या वकिलातीकडून लागतो. तो आणला. मग अर्जाची सूचना दहा दिवस नगर कचेरीच्या फळ्यावर लागली. कुणाची हरकत आली नाही. परवाना १२० दिवस चालणारा होता, त्यांनी तो पंधराव्या दिवशीच वापरला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नितीन सासरी राहायला गेला तेव्हाची एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण त्याला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. सासरे कमी बोलणारे, बंदरावर काम केलेले. त्यांच्याकडं लाकडी कपाट होतं, तिकडं त्याला स्पॅनिश काळापासून अपारादोर म्हणतात. नितीन बॅग धरून उभा होता. सासऱ्यांनी आपले शर्ट हँगरसकट उचलले, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले, कपाटाची अर्धी बाजू ओल्या फडक्यानं पुसली आणि बोटानं दाखवलं: हे तुझं. दाराशी घरातल्या प्रत्येकाच्या स्लीपर होत्या. त्यात एक नवी जोडी होती, नऊ नंबरची.

मारिसेलला भारतात यायच्या आधी तिच्या सरकारच्या एका समुपदेशनाला बसावं लागलं. परदेशी नवऱ्याकडं निघालेल्या प्रत्येक फिलिपिनो माणसाला ते सक्तीचं आहे. पूर्वी तिथल्या मुलींची छायाचित्रं कॅटलॉगात छापून परदेशी पुरुषांशी लग्नं लावून देणाऱ्या दलालांचा धंदा जोरात होता. तो १९९० मध्ये कायद्यानं बंद केला आणि २०१६ मध्ये तो कायदा आणखी कडक केला. समुपदेशक बाईंनी तिला विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण आहे? तिथं तुझी भाषा कुणाला येते? रात्री अपरात्री रडू आलं तर कुणाला फोन करशील?" शेवटी विचारलं, "तिथं तुझं असं काय असेल?"

"घर आहे की," मारिसेल म्हणाली होती.

*

डोंबिवलीत यायचं कारण कागद. नितीनला आता मनिलात कायमचं राहायचं होतं. कंपनीच्या व्हिसावर कुठवर राहायचं? नोकरी गेली की व्हिसा गेला. फिलिपाइन्सचा परदेशी लोकांबाबतचा कायदा १९४० चा. त्याच्या १३ (ए) कलमात फिलिपिनो नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला तिथं कायमच्या निवासाची वाट ठेवलेली आहे. पहिलं एक वर्ष परीक्षेचं. लग्न खरं आहे, संसार चालू आहे असं दिसलं तर पुढं कायम. तिकडच्या वकिलानं यादी दिली होती. पोलिसांचा दाखला आण, त्यावर अपॉस्टीलचा शिक्का आण, आणि जन्मदाखलाही बरोबर असू दे. पुढं कुठं अडायला नको.

पोलिसांच्या दाखल्यासाठी एक दिवस दोघं ठाण्याला गेली. काम लवकर उरकलं म्हणून नितीननं शाळेतल्या मित्राला बोलावलं. तिघं मामलेदारची मिसळ खायला बसले. मारिसेलच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं वाटी संपवली आणि पावानं पुसूनही घेतली. मित्र खूश झाला. मग मराठीत म्हणाला, "लेका, तू हुशार. लोक कॅनडाच्या पीआरसाठी वीस-वीस लाख घालवतात, वर वर्षानुवर्षं थांबतात. तू लग्नातच काढलंस. स्वस्तात पीआर!"

नितीन हसला. जोरात नाही, पण हसला.

परतीच्या गाडीत दिव्यापर्यंत मारिसेल काही बोलली नाही. मग इंग्रजीत म्हणाली, "मराठी मला येत नाही. पीआर कळतं."

"अगं, तो चेष्टा करत होता."

"तू काय म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"हो," ती म्हणाली. "तेच ऐकलं मी."

इकडं सुलभाताईंच्या मनात दुसरीच भीती होती. चाळीतल्या जुन्या शेजारणीनं फोनवर सांगितलं होतं, बाहेरच्या मुली टिकत नाहीत, जमेल तेवढं घेतात आणि जातात. एका रात्री त्यांनी नितीनला विचारलंच, "उद्या हिनं सोडचिठ्ठी दिली तर?"

"आई, त्यांच्याकडं घटस्फोटाचा कायदाच नाही."

"म्हणजे?"

"मुसलमानांसाठी वेगळा आहे. बाकीच्यांना नाही. एकदा लग्न झालं की झालं."

सुलभाताई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग भीती तिनं धरायला हवी." आणि भाजी ढवळायला लागल्या.

मारिसेल रोज पहाटे उठून बॅग बाहेर ओढायची, कपडे काढायची, चेन लावायची आणि बॅग परत आत ढकलायची. त्या चेनचा आवाज रोज एकदा सकाळी, एकदा रात्री. दिवाणावर झोपणाऱ्या अण्णांना तो पहिल्या लोकलच्या भोंग्यासारखा पाठ झाला. अण्णांची आणि तिची गट्टी जमली होती ती शब्दांवरून. गुरूला तिकडं गुरो, मुखाला मुखा, आशेला आसा. रोज एक शब्द सापडला की अण्णा चहा मागायचे.

*

यादीतलं शेवटचं राहिलं होतं ते वाचायला नितीन एका रात्री लॅपटॉप घेऊन बसला. बाहेर धो धो पाऊस. त्याच आठवड्यात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती आणि हजारभर माणसं बोटींनी बाहेर काढली होती. अण्णा दिवसभर त्याच बातम्या बघत होते.

"हे बघा काय अट आहे," नितीन वैतागून म्हणाला. "ज्या देशात फिलिपिनो माणसाला कायमची जागा मिळते, त्याच देशाच्या माणसाला हे देणार. तशी देवघेव नसेल तर कायमचं नाही, मुदतीचं. आता मी काय दिल्लीला जाऊन कायदे बदलू?"

अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "मग आपण देतो का त्यांना?"

"देतो की एक प्रकारे. लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डाला अर्ज करता येतो. २०१५ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यातच घातलंय. आजन्म व्हिसा."

"ते सरकारचं झालं." अण्णांनी चष्मा काढला. "मी या घराचं विचारतोय."

"या घराचं काय?"

"पस्तीस वर्षं रेल्वेत काढली मी. माणूस कन्फर्म तिकीट घेऊन डब्यात चढतो, आणि बघतो तर त्याच्या सीटवर दुसऱ्याची ट्रंक. त्या ट्रंकेचा मालक खिडकीशी बसून टीसीशी हुज्जत घालत असतो, की मला खालचा बर्थ का नाही." अण्णांनी कपाटाकडं बोट दाखवलं. "तिकीट तिचं कन्फर्म आहे, नितीन. सीटवर सामान तुझं आहे."

नितीननं कपाटाकडं पाहिलं. मग दिवाणाखालच्या निळ्या बॅगेकडं. सेबूचं ओलं फडकं त्याला तेव्हा पहिल्यांदा आठवलं. तो उठला, कपाटाच्या मुठीला हात लावला. आत आई झोपली होती. तिला न विचारता कसं काढायचं? उद्या बघू, असं म्हणून त्यानं हात काढला. उद्या बघू म्हणायची सवय त्याला या घरानंच लावली होती.

*

आणि दुसऱ्या दिवशी वेगळंच निघालं. जन्मदाखल्याची प्रत आली त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा.

मुलगा, तारीख ९ ऑक्टोबर १९८८, वडिलांचं नाव, आईचं नाव, प्रसूतिगृह, पत्ता, सगळं जागच्या जागी. नाव नाही. तेव्हा बारशाच्या आधीच जन्माची नोंद व्हायची, आणि नाव कळवायला परत जायचं बऱ्याच घरांत राहूनच जायचं. शाळेत दाखल्याशिवाय भागलं. पासपोर्टलाही भागलं, कारण त्या काळी जन्मदाखला सक्तीचा होता तो २६ जानेवारी १९८९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. नितीन साडेतीन महिन्यांनी सुटला होता. जवळजवळ एकतीस वर्षं तो गावाच्या दप्तरात बिननावाचा होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

नाव लावून घ्यायची कायद्यातली मुदत पंधरा वर्षांची, ती केव्हाच उलटलेली. पण जुन्या नोंदींसाठी सरकारनं मुदतवाढ दिली होती. अर्ज आई-वडिलांनी करायचा होता. अण्णांचा गुडघा सुजलेला, म्हणून सुलभाताई कल्याणच्या कचेरीत निघाल्या. मारिसेल आपणहून चप्पल घालून उभी राहिली. रिक्षानं जायची सोय नव्हती. जुना पत्री पूल पाडल्यापासून कल्याणचा रस्ता म्हणजे तासाची निश्चिती. तिघं लोकलनं गेली.

कचेरीत गर्दी होती. छत्र्यांचं पाणी फरशीवर. खिडकीशी बसलेल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, पन्नाशीच्या, कामात पक्क्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. कडा तपकिरी झालेल्या, मधल्या पानाला चिकटपट्टी. बोट फिरवत फिरवत त्या एका ओळीवर थांबल्या. निळ्या शाईची ती ओळ सुलभाताईंना उलट्या बाजूनं दिसली. आपलं नाव दिसलं. त्याच्या पुढं दोन बोटं मावतील एवढी पांढरी जागा.

"नाव काय लावायचं?"

"नितीन," नितीन म्हणाला.

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही विचारलं. आई सांगतील."

नितीन हसला. "अहो, पण नाव माझंच आहे."

"असेल हो. पण आपलं नाव आपल्याला लावून घेता येत नाही. घरच्या माणसानं येऊन सांगावं लागतं, की हा आमचा आणि याचं नाव हे." त्यांनी सुलभाताईंकडं पाहिलं. "बोला काकू."

"नितीन," सुलभाताई म्हणाल्या. आवाज जरा कापला. बारशाला कानात सांगितलं होतं त्यानंतर हे नाव असं विचारून कुणी सांगायला लावलं नव्हतं.

"इतकी वर्षं लावलं का नाही?"

"काय सांगू! घरात सगळे ओळखत होते. गरज वाटली नाही."

"सगळे असंच म्हणतात," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "आपल्याला वाटतं, माणूस आहे ना घरात, मग झालं. रकाना कोराच राहतो." मग त्यांची नजर बाकावर गेली. मारिसेल मांडीवर फाईल धरून बसली होती. तिचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, सगळं सरकारी कागदावर, शिक्के मारलेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. "आणि ह्या कोण?"

सुलभाताईंच्या तोंडात शब्द तयार होता. तीन आठवडे दूधवाल्याला, वॉचमनला, जोशीकाकूंना त्या तोच सांगत होत्या. पण समोर रजिस्टर उघडं होतं आणि त्यातली पांढरी जागा अजून ओली होती. शब्द टाळूला चिकटला.

बाईंना उत्तराची घाई नव्हती, त्या पुढच्या अर्जाकडं वळल्या. "पुढच्या आठवड्यात या. नेक्स्ट."

सुलभाताई खिडकीपासून बाजूला झाल्या. त्यांच्या मनात एकच हिशेब उलटसुलट फिरत होता. पोरगा घरात राजा, आणि दप्तरात कोरा. ही दप्तरात पुरी, शिक्क्यानिशी, आणि घरात?

*

परतीची गाडी बदलापूरहून भरून आली होती. नितीन जनरलमध्ये चढला, या दोघी लेडीजमध्ये. सुलभाताईंना लगेच जागा मिळाली. डोंबिवलीच्या बाईला जागा कशी शोधायची ते शिकवावं लागत नाही. मारिसेल दांडा धरून उभी राहिली. ओली ओढणी, छातीशी फाईल.

तीन जणींच्या बाकावर तीन जणी बसतात, हे रेल्वेचं म्हणणं. बाकावर बसणाऱ्यांचं म्हणणं वेगळं. चौथीसाठी सगळ्यांनी चार-चार बोटं सरकायचं. ती अर्धीच टेकते, तिचा एक पाय बाहेर असतो, पण ती बसलेली असते. हा कायदा कुठं छापलेला नाही. कर्जत-कसाऱ्यापासून मुंबईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या बायका तो पाळतात. चौथी सीट मागावी लागते मात्र. न मागता कुणी सरकत नाही.

सुलभाताईंनी शेजारणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जरा सरकून घ्या हो. सुनेला बसू दे माझ्या."

शेजारीण मटार सोलत होती. तिनं मारिसेलला खालून वर पाहिलं. "कुठं उतरणार?"

"डोंबिवली."

"अहो, मग दोन स्टेशनांसाठी कशाला?"

"दोन असोत नाहीतर दहा," सुलभाताई म्हणाल्या. "उभी का राहील ती?"

बाक हलला. खिडकीकडची खिडकीला चिकटली, मधलीनं पिशवी मांडीवर घेतली, मटारवालीनं शेंगा आवरल्या. सुलभाताई स्वतः सरकल्या ते सगळ्यांत जास्त. मारिसेलला मराठीतलं काही कळलं नाही, पण चार बोटं जागा झाली ती कळली. ती टेकली. ठाकुर्ली आली, गेली. तिचा खांदा सासूच्या खांद्याला लागलेला होता आणि दोघींपैकी कुणीही तो मागं घेतला नाही.

मटारवालीनं मूठभर दाणे दोघींपुढं धरले. "कुठली हो सून?"

"लांबची आहे," सुलभाताई म्हणाल्या. मग जरा थांबून: "म्हणजे, होती."

*

घरी आल्यावर सुलभाताईंनी पदरसुद्धा पिळला नाही. थेट कपाट उघडलं आणि चौथ्या कप्प्यापुढं फतकल मारून बसल्या. प्रगतिपुस्तकं वरच्या कप्प्यात गेली. पेला टीव्हीवर गेला. जीन्स जमिनीवर पडल्या.

"आई, मी काढणार होतो," नितीन म्हणाला.

"कधी?"

नितीनकडं उत्तर नव्हतं. अण्णा खिडकीतून पाऊस बघत होते, पण त्यांचे कान इकडं होते.

"तुझ्या सासरी तुला जागा दिली होती का रे?" सुलभाताईंनी मान वर न करता विचारलं.

तेव्हा नितीननं ती न सांगितलेली गोष्ट सांगितली. खोक्यात गेलेले शर्ट, ओलं फडकं, नऊ नंबरच्या स्लीपर. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. सुलभाताईंचा हात कप्प्याच्या पत्र्यावर थांबला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"मला वाटलं, त्यात काय सांगायचं."

"बरोबर आहे. मिळणाऱ्याला नाहीच वाटत." त्यांनी पत्रा पुसायला घेतला. मग हाक मारली, "मारिशेल!" नाव जरा चुकलं. पण या घरात ते पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं गेलं.

मारिसेल आली. रिकामा कप्पा बघून ती उभीच राहिली. नितीननं दिवाणाखालून निळी बॅग ओढली. या वेळी चेन उघडली ती पुन्हा लागली नाही. तिचे कपडे थोडेच होते, अर्धा कप्पा भरला. उरलेल्या अर्ध्याकडं बघून सुलभाताई म्हणाल्या, "असू दे. भरेल." बॅग माळ्यावर गेली, जुन्या पातेल्यांच्या मागं.

मारिसेल वाकली. सुलभाताईंनी उजवा हात आपणहून पुढं केला. तिनं तो कपाळाला लावला. कपाळ पावसानं गार होतं.

चार दिवसांनी बोहारीण आली. तीन जीन्सवर सुलभाताईंनी अर्धा तास घासाघीस करून स्टीलचा एक डबा मिळवला. फ्रिजवरची सहा पाकिटं फोडली. आंब्याच्या सुकवलेल्या फोडी डब्यात ओतताना एक तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं आंब्याचं साठं! नुसतं पातळ नाही थापलं एवढंच." डबा मुरमुऱ्यांच्या डब्याशेजारी लागला, रोज हात पोचेल अशा जागी.

*

नितीनचा अर्ज मनिलाला गेला. तो त्याच्या एकट्याचा नव्हता. तिथल्या रीतीप्रमाणं नवरा-बायकोनं मिळून विनंतीचं पत्र द्यायचं असतं. सही करताना मारिसेलनं पेन जरा थांबवलं. "लग्न आधी की कागद आधी?"

"लग्न," नितीन म्हणाला. या वेळी तो गप्प बसला नाही, आणि हसलाही नाही.

ठाण्याच्या मित्राला त्यानं त्याच संध्याकाळी फोन केला. बोलणं दोन मिनिटांत संपलं, पण जे मिसळ खाताना बोलायचं राहून गेलं होतं ते त्यानं बोलून टाकलं.

तिकडं परदेशी माणसानं दर वर्षाच्या पहिल्या साठ दिवसांत सरकारी कचेरीत जाऊन हजेरी द्यायची असते. कागद कितीही पक्का असला तरी वर्षातून एकदा सांगावंच लागतं, की मी अजून इथं आहे. नितीन आता ती हजेरी बिनतक्रार देतो. रांगेत उभा असताना कधी घरी फोन लावतो. एकदा त्यानं विचारलं, "आई, तो कप्पा रिकामाच आहे ना? अण्णांची औषधं ठेव हवं तर त्यात."

"रिकामा कुठं?" सुलभाताई म्हणाल्या. "मारिशेलचा आहे तो. तिला विचार आधी."

दर दिवाळीला त्या चौथ्या कप्प्याचा कागद बदलतात, डांबराच्या गोळ्या टाकतात आणि तिचे दोन कुर्ते, एक साडी आणि लेडीजच्या डब्यात भिजलेली ती ओढणी होती तशी परत लावतात. जागा मागायची रांग मोठी असते आणि तिचे कायदे देशोदेशी वेगळे. जागा द्यायला कुठल्याच देशाचा कायदा लागत नाही. चार बोटं सरकायचं असतं, आणि पहिल्यांदा आपणच.